पाच वेढ्यांची जिलबी आणि दोन सम्राट

फार पूर्वीची गोष्ट. इतकी पूर्वीची, की चंद्रावर अजून डाग पडायचे होते. त्या काळी डोंगरांच्या कुशीत, एका नदीच्या काठी तीन देश होते. हळदोळी, तिळोळी आणि पाटोळी.

देश म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. हळदोळीच्या राजाला शिंक आली की तिळोळीची राणी "शतायुषी हो" म्हणायची, इतकं सगळं जवळ. पाटोळी तर या दोघांच्या मधोमध, चिमटीत धरल्यासारखी. तिथला एक उंच शेतकरी आडवा झोपला की डोकं हळदोळीत जाई आणि पाय तिळोळीत. पाटोळीचं सैन्य दोन शिपायांचं. त्यातला एक बहिरा होता, आणि दुसरा दिवसभर त्याला हाका मारण्यात गुंतलेला असे.

पण नदीवरचा बंधारा होता पाटोळीत. बंधाऱ्याच्या उजव्या दारातून पाट निघायचा तो हळदोळीच्या हळदीला, डाव्या दारातून निघायचा तो तिळोळीच्या शेतांना. मधे एक बारकं तिसरं दार होतं, ते पाटोळीचं स्वतःचं. ही दारं उघडायची आणि झाकायची कुणी, तर पाटोळीच्या राजानं. तो राजाही होता आणि पाटकरीही होता. मुकुट सणासुदीला, एरवी खांद्यावर फावडं.

पाटकऱ्याला तीन नियम होते. स्वतःच्या शेताला पाणी सर्वांत शेवटी घ्यायचं. दार उघडताना कुणाचं तोंड बघायचं नाही. आणि तिसरा नियम सगळ्यांत कडक. हळदोळीवाल्याकडे किंवा तिळोळीवाल्याकडे काही खाल्लं, तर त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत दुसऱ्याकडेही खायचं. तेच, आणि तेवढंच.

हा नियम उगाच आला नव्हता. चार पिढ्यांपूर्वीच्या एका राजानं हळदोळीत लग्नाचे मांडे खाल्ले होते, आणि त्या आठवड्यात पाणी आपोआप हळदोळीकडे जास्त गेलं. लोक चिडले, तेव्हा तो म्हणाला, "मी काही केलं नाही, पाणीच कललं." त्याची म्हातारी आई म्हणाली, "पाणी सरळच असतं रे. मांडे खाल्लेला माणूस कलतो."

आता आपल्या गोष्टीतला राजा. हा स्वभावानं फार चांगला, पण खाण्याच्या बाबतीत अगदीच कच्चा. तळणीचा वास आला की त्याचं फावडं हातातून गळायचं. लग्नसराईत तो हळदोळीत अकरा लाडू खाऊन धावत तिळोळीत जायचा आणि नियम म्हणून आणखी अकरा खायचा. असे नियम पाळणारा राजा मिळायला भाग्य लागतं, असं लोक म्हणत.

हळदोळीचा राजा त्याचा मामेभाऊ, त्याला तो दादा म्हणे. तिळोळीची राणी सख्खी थोरली बहीण, ती अक्का. भांडणं व्हायची, नाही असं नाही. पण ती वांग्यांवरून आणि गाढवांवरून. तोफांवरून कधी नाही.

मग महायुद्ध झालं.

डोंगरांच्या एका बाजूला एक सम्राट होता. त्याच्या मिशा इतक्या लांब, की टोकं सांभाळायला दोन नोकर ठेवलेले. दुसऱ्या बाजूला दुसरा सम्राट. त्याची दाढी एवढी दाट, की एकदा त्यात चिमणीनं घरटं केलं आणि पिल्लं उडेपर्यंत त्याला कळलं नाही. हे दोघे बारा वर्षं लढले. कशावरून, ते पाचव्या वर्षीच दोघेही विसरले होते. त्यांच्या फौजा या खोऱ्यातून अकरा वेळा वर गेल्या आणि अकरा वेळा खाली आल्या. इतक्या, की तिन्ही देशांतल्या कोंबड्यांना कवायत यायला लागली. हसू येतं, पण तिळोळी तीन वेळा जळली आणि हळदोळीत दोन वर्षं कुणी पेरलं नाही, हेही खरं.

शेवटी दोन्ही सम्राट दमले आणि तह झाला. युद्ध संपलं की साधी माणसं घरं शाकारतात. सम्राट मात्र पुढच्या युद्धासाठी मित्र गोळा करायला लागतात.

मैत्रीची त्यांची रीत अशी. सम्राटानं पंगत मांडायची. त्या पंगतीत ज्यानं एक घास खाल्ला, तो सम्राटाच्या मिठाला बांधला गेला. मग त्याला अठ्ठावीस कलमांचा करार मिळायचा. पहिलं कलम, "आमचा शत्रू तो तुझा शत्रू." दुसरं कलम, "शेवटच्या सैनिकापर्यंत आम्ही तुझं रक्षण करू." कुणाचा शेवटचा सैनिक, ते लिहिलेलं नसे.

हळदोळीचा दादा मिशीवाल्याच्या पंगतीत जाऊन बसला. हे कळताच तिळोळीची अक्का घाबरली आणि दाढीवाल्याच्या पंगतीत जाऊन बसली. दोघांनाही मित्राकडून भेट म्हणून एकेक तोफ आली, आणि तोफेबरोबर शंभर शंभर शिपाई. हळदोळीची तोफ तिळोळीकडे तोंड करून ठेवली, तिळोळीची हळदोळीकडे. मधे पाटोळी.

आठवड्याभरानं अक्का बंधाऱ्यावर आली. भाऊ दारातला पालापाचोळा काढत होता.

"रागावलास का रे?" तिनं विचारलं.

"नाही गं अक्का."

"मी काय करू, सांग. तीन वेळा घरं बांधली. चौथ्यांदा बांधायचं बळ नाही माझ्यात. निदान दारात कुणीतरी उभं राहील."

"उभे आहेत खरे. तुझ्या कोंबड्या मात्र दिसत नाहीत."

अक्कानं सुस्कारा सोडला. "शंभर माणसं म्हणजे शंभर तोंडं. कोंबड्या संपल्या, आता बोकडांकडे बघतायत."

तेवढ्यात पलीकडून दादा आला. अक्काला बघून थबकला. कराराप्रमाणे आता ते शत्रू होते, त्यामुळे बोलावं की नाही ते त्याला कळेना. शेवटी तो राजालाच म्हणाला, "तिला सांग, तिचं गाढव माझ्या हळदीत शिरलंय."

अक्का म्हणाली, "त्याला सांग, हाकलून दे म्हणावं."

दादा म्हणाला, "तिला सांग, हाकलता येत नाही. शत्रूराष्ट्राचं गाढव आहे. हात लावला तर सम्राटाला कळवावं लागतं."

राजा हसून हसून बंधाऱ्यावर बसला. दादाला मात्र हसू आलं नाही. तो म्हणाला, "तुला हसायला काय जातं? तू मधे आहेस. मधल्याला दोन्हीकडून वारा."

"वारा येतो तसे दगडही दोन्हीकडूनच येतात, दादा," राजा म्हणाला. "मला बोलावणी आलीत. दोघांचीही."

आली होती खरी. बंधारा ज्याच्या हातात, पाणी त्याच्या हातात, हे सम्राटांना उशिरा का होईना कळलं होतं. मिशीवाल्याला तिळोळीचं पाणी तोडायचं होतं, दाढीवाल्याला हळदोळीचं. दोघांनीही एकच दिवस ठरवला, आणि निरोपही एकच पाठवला. "सूर्य मावळेपर्यंत आमच्या पंगतीत आला नाहीस, तर तू शत्रूचा मित्र आहेस असं समजू. मग पाटोळी नकाशात शोधावी लागणार नाही, कारण ती असणार नाही."

ठरल्या दिवशी सकाळीच दोघे हजर झाले. पावसाळा सरत आलेला, नदी अजून भरलेली. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला नदीच्या दोन्ही काठांवर छान सपाट, मऊ जागा होती. एका काठावर मिशीवाल्यानं तंबू ठोकले, दुसऱ्या काठावर दाढीवाल्यानं.

राजा फावडं घेऊन धावत गेला. "महाराज, इथं नका उतरू. ही नदीची जागा आहे. दोन्ही पाट वाहते आहेत म्हणून ती कोरडी दिसते. खोऱ्यातलं शेंबडं पोरही इथं बसत नाही."

मिशीवाला म्हणाला, "सम्राटानं कुठं बसावं, हे पाटकऱ्यानं सांगू नये."

दाढीवाल्याकडे गेला, तर तोही शब्दाला शब्द तेच बोलला. बारा वर्षं लढून दोघे अगदी एकमेकांसारखे झाले होते.

राजा घरी आला आणि दुपार कलेपर्यंत डोकं धरून बसला. त्याची बायको, म्हणजे पाटोळीची राणी, चुलीपुढे होती.

"अहो, त्यात एवढं काय? जायचं, हात जोडायचे, पोट बरं नाही म्हणायचं आणि परत यायचं. दोघांकडेही."

"तुला माहीत नाही. मिशीवाल्याकडे जिलब्या तळतायत. बंधाऱ्यापर्यंत वास आला."

राणीनं त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग खुंटीवरचं उपरणं काढलं आणि त्याचे दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून टाकले. "आता जा," ती म्हणाली.

हात बांधलेला राजा मिशीवाल्याच्या तंबूत शिरला. समोर चौरंग. चौरंगावर केळीचं पान. पानावर बासुंदीची वाटी, मांड्यांची चळत, कटाची आमटी, आणि मधोमध एकच जिलबी. नुकती पाकातून काढलेली. केशरी, कुरकुरीत, पाच वेढ्यांची. तिच्यातून पाक असा डोकावत होता, जसं खिडकीतून कुणी ओळखीचं बघावं.

"बैस, मित्रा," मिशीवाला म्हणाला. "एक घास फक्त. मग तुला तोफ देऊ."

"महाराज, तोफ ठेवायला जागा नाही हो. ठेवली तर बैल कुठं बांधू?"

"शंभर शिपाई देऊ."

"आमचे दोन आहेत, त्यांचंच एकमेकांशी जमत नाही."

"मग नुसतं डावं दार बंद कर. तिळोळीला दोन महिने पाणी नको. एवढंच."

राजाचा चेहरा उतरला. "तिथं माझी बहीण राहते, महाराज. आणि बहीण नसती, तरी तिथं तीळ राहतात. तिळांनी कुणाचं काय केलंय?"

फार छान बोलला. मागोमाग आलेली राणी तंबूच्या दाराशी उभी होती, तिला तर धन्य वाटलं. पण बोलता बोलता राजाची नजर पानाकडे गेली. नजर गेली आणि मग मान खाली गेली. लाजेनं नव्हे. हात बांधलेले होते, पण दात मोकळे होते.

कुर्रर्र, असा आवाज झाला.

राजानं डोळे मिटले होते. ते उघडले तेव्हा पानावर जिलबी नव्हती, आणि तंबूत नगारे वाजायला लागले होते. "खाल्ली! खाल्ली! पाटोळी आमची झाली!" मिशीवाला इतका आनंदला, की मिशीचं एक टोक नोकराच्या हातून सुटलं.

राणीनं कपाळावर हात मारला. राजा तिच्याकडे अशा तोंडानं आला, की देव्हाऱ्यातला प्रसाद चोरून खाल्लेलं मांजर बरं.

"कळलंच नाही गं," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले. "अक्काचं पाणी मी एका जिलबीला विकलं."

"रडू नका," राणी म्हणाली. "एकच खाल्लीत ना?"

"एकच."

"किती वेढ्यांची?"

"पाच."

राणीनं आकाशाकडे बघितलं. "सूर्य अजून हातभर वर आहे. चला."

तिनं त्याचे हात सोडले आणि दोघे बंधाऱ्यावरून पलीकडे धावले. राजा धावताना बघणं हा खोऱ्यातला दुर्मीळ योग होता. दोन्ही काठांवर लोक जमले. दादा आला, अक्का आली, तोफांजवळचे शिपाईसुद्धा आले.

दाढीवाल्याच्या तंबूत राजा धापा टाकत शिरला. तिथं मालपुवे होते, रबडी होती, सात तऱ्हेची लोणची होती.

"ये, ये! काय खाशील?" दाढीवाला म्हणाला.

"जिलबी. एक."

"जिलबी? अरे, हे मालपुवे बघ, शुद्ध तुपातले..."

राजानं तोंड फिरवलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं मालपुव्याकडे पाठ केली होती. अक्का नंतर सांगायची, तो क्षण तिला युद्धापेक्षा भयंकर वाटला. "जिलबीच पाहिजे, महाराज."

आचाऱ्याची धावपळ उडाली. पीठ भिजवलं, ते आंबायला वेळ कुठला? ताक घाला, फेटा, कढई चढवा, पाक करा. सूर्य खाली खाली येत होता. दाढीवाला स्वतः आचाऱ्याला पंख्यानं वारा घालत होता, कारण त्याला वाटत होतं, हा माझा होतोय. अखेर जिलबी पानावर आली.

राजानं ती उचलली, उजेडात धरली आणि मोजली. "चारच वेढे आहेत."

"मग काय झालं?" दाढीवाला ओरडला. "जिलबी ती जिलबी!"

"नाही, महाराज. तिकडे पाच होते. जो जिलबीच्या वेढ्यात कमीजास्त चालवून घेतो, तो पाण्यातही घेईल. दुसरी करा."

दुसरी केली. सूर्य डोंगराच्या कडेला टेकला होता. राजानं पाच वेढे मोजले, जिलबी तोंडात टाकली आणि गिळली. गोड लागली की नाही, ते त्याला कळलंच नाही.

"आमचा झाला!" इकडेही नगारे वाजले.

नगाऱ्यांचा आवाज ऐकून मिशीवाला तंबूतून बाहेर आला. दाढीवालाही आला. नदीच्या दोन काठांवर दोन सम्राट, आणि मधे बंधाऱ्यावर राजा.

"तो माझा आहे! त्यानं माझं मीठ खाल्लंय!"

"माझं खाल्लंय! आत्ता खाल्लंय! ताजं!"

"महाराज," राजा दोन्हीकडे हात जोडून म्हणाला, "दोघांचंही खाल्लं. सारखंच खाल्लं. तेव्हा मी जेवढा तुमचा, तेवढाच त्यांचा. आमच्याकडे याला पाटकरी म्हणतात."

"असं चालत नाही!" मिशीवाला गरजला. "माझा असशील, तर आत्ताच्या आत्ता तिळोळीचं दार बंद कर!"

"माझा असशील, तर हळदोळीचं बंद कर!" दाढीवाला त्याच्यावर गरजला. "नाहीतर उद्या पाटोळीवर नांगर फिरवतो!"

"तो मी फिरवणार!"

दोन्ही काठांवर भाले खाली आले. दादा अक्काकडे बघत होता, अक्का दादाकडे. दोघांनाही कळत होतं की दोघांपैकी एकाचं शेत आज मरणार.

राजा जरा वेळ नदीकडे बघत उभा राहिला. मग राणीजवळ आला.

"ऐक, मी दोघांचंही ऐकणार आहे."

"दोन्ही दारं बंद?"

"दोन्ही. मग सगळा जोर आपल्या तिसऱ्या दारावर येईल. ते टिकणार नाही."

राणीनं खालच्या आपल्या मळ्याकडे बघितलं. "वांग्याचे वाफे जातील."

"जातील."

"मिरच्या?"

"त्याही. यंदा आपल्याला काही उरणार नाही."

राणीनं टोपली उचलली. उभा पावसाळा ती त्या वाफ्यांत वाकली होती. "करा बंद," ती म्हणाली. "पण आधी मला टोपलीभर वांगी तोडू द्या. हा मूर्खपणा उपाशीपोटी नको."

तिनं वांगी तोडली. राजानं उजव्या दारात फळ्या टाकल्या, डाव्या दारात फळ्या टाकल्या, आणि मोठ्यानं सांगितलं, "दोन्ही हुकूम पाळले, महाराज! मात्र आता उठा. पाणी येईल."

"शत्रू उठला की उठू," मिशीवाला म्हणाला.

"तो उठला की," दाढीवाला म्हणाला.

नदीला यातलं काही माहीत नव्हतं. ती आपली येत होती. पाट बंद दिसले, तशी ती थांबली आणि फुगायला लागली. आधी गालिचे ओले झाले. मग चौरंग तरंगले. दोन्ही सम्राट सिंहासनावर चढले, पण उठले नाहीत. मग बासुंदीचं पातेलं मिशीवाल्याच्या तंबूतून निघालं, मालपुव्यांची परात दाढीवाल्याच्या तंबूतून निघाली, आणि नदीच्या मधोमध दोघं शांतपणे एकमेकांना भेटली. तिकडे तिसरं दार कडाडलं आणि राणीचा मळा पाण्याखाली गेला. राजानं तिकडे एकदाच बघितलं.

पाणी सम्राटांच्या गुडघ्यांपर्यंत आलं. कमरेपर्यंत आलं. मिशा भिजून छातीवर लोंबायला लागल्या. दाढीत पाणी शिरून ती इतकी जड झाली, की सम्राटाची मान खाली झुकली. तशी ती याआधी कुणापुढे झुकली नव्हती.

"उघड!" मिशीवाला किंचाळला.

"उघड!" दाढीवाला किंचाळला.

"कुठलं दार, महाराज?" राजानं विचारलं. "हळदोळीचं की तिळोळीचं?"

"दोन्ही!!"

बारा वर्षांत दोघे मिळून बोललेला तो पहिला शब्द. दोन्ही काठांवरच्या लोकांनी तो ऐकला, आणि फौजांनीही ऐकला.

राजानं फळ्या उपसायला घेतल्या, पण पाण्याच्या जोरापुढे एकट्याचं चालेना. तेव्हा दादानं सम्राटाकडे न बघता बंधाऱ्यावर उडी घेतली. पलीकडून अक्कानं पदर खोचला. दादा डाव्या दाराला भिडला, अक्का उजव्याला. म्हणजे दादा तिळोळीचं पाणी सोडत होता आणि अक्का हळदोळीचं. हे त्यांच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे. पाणी सुटलं, आणि मग तिन्ही देशांच्या लोकांनी दोर टाकून शिपायांना बाहेर ओढलं. हाताला जो लागला तो ओढला. कुणाचा कोण, ते चिखलामुळे ओळखू येत नव्हतं.

सम्राट दुसऱ्या दिवशी परतले. झाल्या प्रकाराबद्दल दोघेही राजाला शिक्षा करू शकले नाहीत. कारण करारात लिहिलं होतं, "आमच्या मिठाच्या माणसाला जो हात लावेल, त्याच्यावर आम्ही तुटून पडू." मिशीवाल्यानं हात लावला असता, तर दाढीवाल्याला तुटून पडावं लागलं असतं, आणि उलटही तसंच. दोघांच्या वकिलांनी ओल्या कपड्यांत रात्रंदिवस खल केला, पण पडशाखेरीज त्यांच्या हाती काही लागलं नाही.

दादाचा आणि अक्काचा करार कमरेलाच खोचलेले होते, ते त्या गडबडीत भिजले. शाई वाहून गेली. नवा लिहून घ्यायला जायचं दोघांच्याही अंगावर आलं होतं, आणि पुढं ते राहूनच गेलं. शिपायांना जेवायला कोंबड्या उरल्या नव्हत्या, त्यामुळे तेही आपापल्या घरी गेले. पाटोळीत त्या वर्षी पीक आलं नाही. दादा सहा पोती घेऊन आला आणि अक्काही सहाच घेऊन आली. राणीनं दोन्हीकडची पोती तोलून बघितली, हे सांगायला नकोच.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण पुढं एक झालं.

सात वर्षांनी सम्राटांमध्ये पुन्हा धुसफुस सुरू झाली. कुठल्याशा बेटावरून. त्या बेटावर दोन माड आणि एक बकरी होती. लढाई नको असं दोघांनाही आतून वाटत होतं. पण बोलणी करायची कुठं? मिशीवाल्याच्या मित्रांकडे दाढीवाला जाईना, दाढीवाल्याच्या मित्रांकडे मिशीवाला. एवढ्या मोठ्या पृथ्वीवर दोघेही बसतील अशी एकच जागा निघाली. पाटोळीचा बंधारा.

दोघे आले. या वेळी तंबू टेकडीवर ठोकले, न सांगता. राजानं त्यांना नमस्कार केला आणि म्हणाला, "अवश्य बोला, महाराज. पण आज गाळ काढायचा दिवस आहे. बंधाऱ्यावर जो येईल, त्यानं आधी एक घमेलं गाळ वाहायचा. आमच्याकडे यातून कुणाला सुटका नाही."

सम्राटांनी एकमेकांकडे बघितलं. आधी कोण उचलणार? पहिला जो वाकला, तो लहान ठरला. मागून जो वाकला, तो आळशी ठरला. बराच वेळ गेला. मग राणी आली आणि गाळानं काठोकाठ भरलेलं एक भलं मोठं घमेलं तिनं दोघांच्या मधे ठेवलं. त्याला दोन कान होते.

"एक तुम्ही धरा, एक तुम्ही," ती म्हणाली. "आणि जपून हं. एकानं सोडलं, तर दोघांच्याही पायांवर पडेल."

दोघांनी एकेक कान धरला. उचललं. चार पावलं चालले, तर कळलं की पावलं जुळवावी लागतात. दहा पावलं गेल्यावर मिशीवाला म्हणाला, "जरा हळू." दाढीवाला हळू झाला. वीस पावलांवर दाढीवाला म्हणाला, "पुढं खड्डा आहे." मिशीवाला वळला. काठावर पोचेपर्यंत ते बेटाबद्दल बोलायला लागले होते. आणि बकरीचं काय करायचं, यावर तर त्यांचं एकमतही झालं होतं.

तात्पर्य: दोन बलवानांच्या भांडणात मधे उभं राहायचं, तर हाताची घडी घालून भागत नाही. दोघांना सारखंच माप लावावं, शेजाऱ्याचं पाणी तोडू नये, आणि मधे राहण्याची किंमत आधी आपल्या मळ्यातून द्यावी. मग मोठमोठ्यांनाही बसून बोलायला अशाच लहानाच्या दारी यावं लागतं.